सखल रानातले पाणी बाहेर कसे काढावे : कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या जमिनींसाठी निचऱ्याचे मार्गदर्शन

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठचा सांगली-कोल्हापूरचा पट्टा, विशेषतः शिरोळ, हातकणंगले, मिरज आणि वाळवा हे तालुके, म्हणजे खोल काळी जमीन, नावापुरता उतार आणि वर्षभर पाणी मागणारा ऊस यांचा एकत्र आलेला प्रदेश आहे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांची नोंद सगळीकडे झाली. परंतु महापूर नसलेल्या वर्षीही इथल्या लवणातल्या, म्हणजे खोलगट भागातल्या, रानात आठ-आठ दिवस पाणी तुंबून राहते, सरीत पाय घातला तर पोटरीपर्यंत रुततो आणि बांधाच्या वरच्या अंगाला हिरवागार असलेला तोच ऊस खालच्या अंगाला पिवळा पडलेला दिसतो. हा लेख मुख्यतः या नेहमीच्या तुंबण्याविषयी आहे. महापुराचा विचार त्यात येईल, पण त्याला उपाय वेगळे आहेत, हेही स्पष्ट होईल.

आमच्या भागात निचऱ्याचे काम बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. पावसाळा संपला की शेतकरी जेसीबी बोलावतो, रानात जिथे पाणी दिसले तिथे चर मारतो आणि तो चर बांधापर्यंत नेऊन सोडतो. पुढे पाणी कुठे जाणार, याचा विचार बांधावरच संपतो. निचऱ्याचे नियोजन पाणी शेवटी ज्या ओढ्यात पडणार आहे त्या तोंडापासून करावे आणि तिथून मागे मागे आपल्या रानापर्यंत यावे. हा क्रम पाळला नाही, तर नंतर कितीही महाग पाईप टाकले तरी ते पैसे मातीत पुरल्यासारखे होतात.

पाणी कोणते, ते आधी ओळखावे

तुंबलेले पाणी वरून सारखेच दिसते, पण ते पाच वाटांनी आलेले असू शकते. ते आपल्याच रानावर पडलेल्या पावसाचे असते, वरच्या शिवारातून वाहत आलेले असते, नदीच्या फुगवट्याने ओढ्यातून उलटे शिरलेले असते, पाटाच्या किंवा उपशाच्या पाण्याच्या पाझराने जमिनीखालून वर आलेले असते, किंवा नांगराच्या तळाशी तयार झालेल्या घट्ट थरावर अडकलेले असते. यांतले कोणते हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे खड्डा. रान वाफशावर असताना सर्वांत सखल जागी आणि तुलनेसाठी उंचावरच्या चांगल्या जागी दोन-दोन फूट रुंद आणि साडेचार-पाच फूट खोल खड्डे घ्यावेत. सखल जागेच्या खड्ड्यात दीड-दोन फुटांखाली मातीचा काळा रंग जाऊन ती राखाडी-निळसर झालेली असेल, तिच्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील आणि ढेकूळ फोडल्यावर नासक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर त्या थरात दीर्घकाळ हवा पोचलेली नाही, असे समजावे. उसाची मुळेही पाहावीत. चांगल्या जागी पांढरी, केसाळ मुळे खोलवर गेलेली दिसतात. पाणथळ जागी ती वितीभर खोलीवर आडवी वळलेली आणि टोकाशी काळी पडलेली असतात. खड्ड्याच्या तळातून हळूहळू पाणी वर चढत असेल तर ते जमिनीखालचे पाणी आहे. वर चिखल आणि फूटभर खाली कोरडी, विटेसारखी घट्ट माती लागत असेल तर अडचण घट्ट थराची आहे. तिच्यावर चर नव्हे, तर उन्हाळ्यात जमीन पूर्ण वाळलेली असताना सबसॉयलर (खालचा थर फोडणारा खोल नांगर) चालवणे हाच उपाय आहे. ओल्या जमिनीत सबसॉयलर घातला तर थर फुटत नाही, उलट आणखी दाबला जातो.

जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवण्यासाठी दोन इंची पीव्हीसी पाईपचा सहा-सात फुटांचा तुकडा घ्यावा, त्याच्या खालच्या निम्म्या भागाला बारीक भोके पाडावीत, त्यावर जुने सुती कापड गुंडाळावे आणि तो उभा गाडून वरून टोपण लावावे. आठवड्यातून एकदा काठी घालून पाणी किती खोल आहे ते वहीत लिहावे. पाऊस नसतानाही, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, पाणी दीड मीटरच्या आत दिसत असेल, तर दोष पावसाचा नसून आपल्या किंवा शेजारच्या सिंचनाचा आहे. रात्रीची लाईट आली की मोटर चालू करून झोपायला जायचे आणि सकाळी सरी भरून वाहत असल्या की पाणी पोचले असे मानायचे, ही आपल्याकडची सवय निम्म्या शिवाराच्या पाणथळपणाला कारण आहे. असे रान ठिबकवर नेले तर पुढचा निचऱ्याचा खर्च बराच कमी होतो. कधी कधी त्याची गरजही उरत नाही.

लव्हाळा माजणे, चराच्या कडेला पाणकणीस उगवणे आणि हिवाळ्यात पहाटे वरंब्यांच्या माथ्यावर पांढरट पापुद्रा दिसणे, या खुणाही जमिनीखालचे पाणी वर आल्याच्याच आहेत. पापुद्रा पांढरा असेल तर क्षार, आणि जमीन काळपट-तेलकट दिसून पाणी मुरायचे थांबले असेल तर ती चोपण (सोडियम वाढून पाणी न मुरणारी) होऊ लागली, असा पहिला अंदाज बांधावा. खात्री मातीपरीक्षणानेच होते.

पातळी मोजणे

सपाट दिसणाऱ्या रानात डोळा फसतो. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पाण्याने भरून दोन माणसांनी धरली तर शंभर-दोनशे फुटांपर्यंत उंचसखलपणा सेंटिमीटरमध्ये कळतो. त्याहून मोठ्या क्षेत्रासाठी डंपी लेव्हल (दुर्बिणीने पातळी मोजण्याचे यंत्र) असलेला मोजणीदार एका दिवसासाठी बोलवावा. चार ठिकाणांची पातळी लागते. रानातील सर्वांत खोल जागा, बांधाजवळची निर्गमाची जागा, मधल्या पाणंदीच्या किंवा रस्त्याच्या मोरीचा तळ आणि ओढ्याचा तळ, या त्या चार जागा होत. दर शंभर मीटरला निदान १० ते २० सेंटिमीटर उतार मिळत असेल तर उघडा चर वाहतो. ओढ्याचा तळच रानाच्या तळापेक्षा वर असेल, आणि गाळाने भरलेल्या जुन्या ओढ्यांचे बहुतेक असेच झालेले असते, तर पहिले काम ओढ्याचे आहे, आपल्या रानाचे नव्हे. ते एकट्याच्या आवाक्याबाहेरचे असते. ग्रामपंचायतीचा ठराव करून आणि खालच्या सगळ्या खातेदारांना बरोबर घेऊन ते खालच्या टोकाकडून वर करत आणावे लागते.

मोरीचा आकडा

या सगळ्या साखळीत मोरीकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून तिचा हिशेब इथे सविस्तर मांडतो. एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४ लाख लिटर पाणी जमा होते. चोवीस तासांत ५० मिलिमीटर पाणी बाहेर काढायचे ठरवले, तर दर हेक्टरी सेकंदाला साधारण ६ लिटर पाणी वाहून जायला हवे. आता पाणंद ओलांडायला घातलेला एक फूट व्यासाचा सिमेंटचा पाईप घ्या. मंद उतारावर तो पूर्ण भरून वाहिला तरी सेकंदाला सुमारे ४० लिटर पाणीच सोडतो. म्हणजे तो जेमतेम सात हेक्टरांचा पाईप झाला. त्याच्या वर वीस-पंचवीस हेक्टरांचे शिवार असेल, आणि बहुधा असतेच, तर वरच्या प्रत्येकाने कितीही चर मारले तरी पाणी त्या पाईपाशी येऊन थांबणारच. तो बदलून दोन फुटी पाईप घातला तर त्याच उतारावर सहापट पाणी जाते, कारण व्यास दुप्पट झाल्यावर पाण्याची वाट दुपटीने नव्हे तर त्याहून कितीतरी जास्त वाढते. पाणंद रस्त्याचे काम निघते तेव्हा ठेकेदार हाताशी असेल तो पाईप टाकून मोकळा होतो. त्याच वेळी तिथे उभे राहून योग्य मापाचा पाईप ओढ्याच्या तळाच्या पातळीवर बसवून घेणे हे पुढच्या वीस वर्षांच्या चरांपेक्षा मोलाचे काम आहे.

उघडे चर

पावसाचे आणि वरून येणारे पाणी काढायला उघडा चर पुरेसा असतो. वरच्या शिवारातून येणारे पाणी रानात शिरण्यापूर्वीच, वरच्या बांधाला लागून आडवा चर काढून बाजूने वळवावे. ते एकदा आत शिरले की मग ते आपलेच पाणी होते. रानातला चर सर्वांत खोल रेषेवरूनच न्यावा. बांधाला समांतर, सरळ दिसतो म्हणून उंचावरून नेलेला चर शोभेचा ठरतो. खोली अडीच ते तीन फूट ठेवावी. काळी माती ओली झाली की खचते, म्हणून भिंती उभ्या न ठेवता जितकी खोली तितका किंवा दीडपट पसरट उतार दोन्ही बाजूंना द्यावा. उकरलेली माती चराच्या काठाशी सलग रचू नये, कारण तोच नवा बांध होतो आणि पाणी चरापर्यंत पोचत नाही. ती खालच्या सखल भागात पसरावी किंवा निदान मधूनमधून तोंडे सोडावीत. चर ओढ्याला मिळतो तिथे काटकोनात न मिळवता प्रवाहाच्या दिशेने तिरपा मिळवावा आणि तोंडाशी दगड रचावेत. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात तोंड ढासळून अर्धा चर बुजतो.

उसाच्या सऱ्याही या चराच्या दिशेने हलक्या उताराने सोडल्या पाहिजेत. लांब सरी मध्येच बसलेली असेल तर तिथे पाणी साचून त्या पट्ट्यातले फुटवे मरतात. सोयाबीन तर याहून नाजूक असते. अशा रानात ते सपाट पेरण्याऐवजी रुंद वरंबा-सरीवर घ्यावे.

मोल आणि सच्छिद्र पाईप

चराने वरचे पाणी जाते. खालून वर येणारे पाणी काढायचे तर जमिनीच्या पोटात वाट द्यावी लागते. भारी काळ्या जमिनीसाठी स्वस्त उपाय म्हणजे मोल निचरा. ट्रॅक्टरमागे लावलेल्या मोल नांगराचा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा फाळ ४० ते ७५ सेंटिमीटर खोलीवरून ओढला की जमिनीत नळीसारखी पोकळी तयार होते. अशा पोकळ्या सुमारे चार मीटर अंतराने काढून उघड्या चरात सोडतात. चिकणमातीचे प्रमाण ४० ते ४५ टक्क्यांहून अधिक असेल तरच पोकळी टिकते आणि तीही काही वर्षांनीच पुन्हा काढावी लागते. नदीकाठच्या वाळूमिश्रित मळीच्या रानात हा प्रयोग करू नये. मोल काढताना खालचा थर किंचित ओलसर आणि वरचा कोरडा असावा लागतो. ही वेळ चुकली तर पोकळी तयार होण्याऐवजी नुसती फट पडते.

क्षारपड झालेल्या जमिनीला मात्र भूमिगत सच्छिद्र पाईप निचरा प्रणालीच टिकाऊ ठरते. शिरोळ तालुक्यात श्री दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन या पद्धतीने मोठे काम उभे केले आहे, आणि सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात या विषयावर वर्षानुवर्षे काम चालते. पाईप घालण्यापूर्वी या दोन्ही ठिकाणची रचना समक्ष पाहून यावी. सर्वसाधारण रचना अशी असते. भोके असलेले नालीदार पीव्हीसी पाईप, बहुधा ८० मिलिमीटर व्यासाचे, सिंथेटिक गाळणकापडात गुंडाळून सुमारे सव्वा मीटर खोलीवर समांतर घालतात. दोन ओळींतील अंतर जमिनीच्या पोतानुसार ठरते. भारी काळ्या जमिनीत ते २५ मीटरच्या आसपास असते. हे पाईप मोठ्या मुख्य पाईपला मिळतात, जोडावर तपासणीसाठी सिमेंटचे चेंबर बांधतात आणि मुख्य पाईप ओढ्यात किंवा उपसा विहिरीत सोडतात.

काम चालू असताना स्वतः उभे राहून तीन गोष्टी पाहाव्यात. उतार कुठेही उलटा जाता कामा नये. एका जागी पाईप दोन-तीन सेंटिमीटर वर उचलला गेला तरी तिथे गाळ बसतो. गाळणकापड फाटलेले असेल तर तो तुकडा बाजूला काढावा, चिकटपट्टीने भागवू नये. आणि चर भरताना मोठी ढेकळे थेट पाईपवर पडू देऊ नयेत, आधी बारीक माती घालावी. मुख्य पाईप सामाईक असेल तर पाच-दहा खातेदारांनी चेंबरच्या जागा आणि देखभालीची वर्गणी लिहून ठरवावी. तोंडी ठरलेले पहिल्या दुष्काळी वर्षापर्यंतच टिकते, कारण त्या वर्षी कोणीतरी पाणी धरून ठेवण्यासाठी तोंडाला बोळा मारतोच.

क्षार बाहेर काढणे

पाईप बसला म्हणजे जमीन सुधारली असे नाही. आता क्षारांना बाहेर जायची वाट मिळाली आहे, त्यांना तिथपर्यंत न्यायचे आहे. मातीचे नमुने एकाच थराचे न घेता ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर अशा तीन थरांचे घ्यावेत. विद्युतवाहकता (क्षारांचे प्रमाण दाखवणारे माप) ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, पण सामू (पीएच) ८.५ च्या आत आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून कमी असेल, तर जमीन निव्वळ क्षारयुक्त आहे. तिला जिप्सम लागत नाही, चांगले पाणी आणि पावसाचा निचरा पुरतो. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपण आहे आणि तिला भूसुधारक लागते. दुकानदार सांगेल तितकी पोती न आणता प्रयोगशाळेकडून जिप्समची गरज काढून घ्यावी, पहिल्या वर्षी निम्मी मात्रा शेणखतासोबत वरच्या थरात मिसळावी आणि नंतर वाफे बांधून पावसाचे पाणी जमिनीतून खाली जाऊ द्यावे. चुनखडी भरपूर असलेल्या आपल्या जमिनींत गंधक आणि साखर कारखान्यात रस गाळून उरणारी गंधकयुक्त मळीही उपयोगी पडते. त्यानंतर धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक घेऊन फुलोऱ्यापूर्वी गाडल्यास पाणी मुरण्यात पहिल्याच हंगामात फरक दिसू लागतो. निचरा नसताना जिप्सम टाकणे म्हणजे सोडियम मातीच्या कणावरून सोडवून त्याच मातीत ठेवणे होय.

नदीच पाठीमागे सरते तेव्हा

आतापर्यंतचे सर्व उपाय ओढा वाहता असेल तोवरच चालतात. नदी चढली की फुगवट्याचे पाणी ओढ्यातून मागे येते आणि आपल्याच चरातून रानात शिरते. नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा, म्हणजे नदीचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडणे, झाल्याची बातमी भाविक आनंदाने ऐकतात. त्याच बातमीवरून नदीकाठच्या मळीच्या शेतकऱ्याला आपल्या चराचे तोंड पाण्याखाली गेल्याचे समजते. अशा तोंडाला एकाच बाजूला उघडणारी झडप बसवावी. कोकणात खारबांधाच्या उघाडीला भरतीचे पाणी अडवण्यासाठी जशी झडप असते तेच हे तत्त्व आहे. झडपेने महापूर अडत नाही, पण लहान चढ-उतारांच्या दिवसांत रान वाचते. झडप बंद असताना आत पडलेला पाऊस पंपाने काढावा लागतो. सेकंदाला १० लिटर पाणी देणाऱ्या पंपाला एका एकरावरचा १०० मिलिमीटर पाऊस उपसायला सुमारे अकरा तास लागतात, यावरून किती क्षेत्रासाठी पंप परवडेल हे ठरवावे.

पंचगंगेवर कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, तर सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट मानली जाते. हे आकडे शहरांसाठी आहेत. आपल्या रानाचा आकडा आपणच शोधायचा असतो. चराच्या तोंडाला पाणी लागले त्या दिवशी जवळच्या ठिकाणची पातळी किती फूट होती, हे दरवेळी लिहून ठेवले, तर दोन-तीन पावसाळ्यांत झडप कधी बंद करायची आणि मोटर-स्टार्टर कधी वर उचलायचा, हे नक्की सांगता येते. कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पूर येतो की कसे, या वादात चावडीवर कितीतरी संध्याकाळी खर्ची पडतात. ही वही मात्र कोणी ठेवत नाही.

आणि प्रत्येक सखल तुकडा सोडवलाच पाहिजे असेही नाही. वर्षातून पंधरा दिवस हमखास बुडणारा पाव एकर असेल, तर त्यात ऊस रेटण्यापेक्षा पॅरा गवत लावावे किंवा तिथेच शेततळे घेऊन बाकीच्या रानाचे पाणी त्यात ओढावे.

शेजारी पाणी अडवत असेल तर

नैसर्गिकपणे वाहणारे पाणी शेजाऱ्याने बांध घालून अडवले आणि त्यामुळे शेतीचे नुकसान होत असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो, म्हणून पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाट पाहू नये. मात्र याच न्यायाने आपणही चर काढून आपले पाणी नव्या जागी शेजाऱ्याच्या रानात सोडू शकत नाही. दावा करण्याआधी दोन्ही बाजूंनी एकत्र पातळी मोजून घेतली तर निम्मी प्रकरणे बांधावरच मिटतात.

पाणी ओसरल्यावर

पुराचे पाणी ओसरताच पहिले काम म्हणजे चराची तोंडे मोकळी करणे. पंचनाम्यापूर्वी रानाची छायाचित्रे घ्यावीत आणि गाळ साचला असेल तर त्यात मोजपट्टी उभी रोवून त्याचेही छायाचित्र घ्यावे, कारण गाळ काढण्याच्या सरकारी मदतीसाठी थराची जाडी तीन इंचांहून अधिक असावी लागते, तर पिकाच्या मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के धरले जाते. उसाच्या पोंग्यात (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत) गाळ बसला असेल तर स्वच्छ पाण्याच्या फवाऱ्याने तो धुवावा. पोंगा कुजलेला असेल आणि कांड्यांवरून पांगशा (डोळ्यांतून येणारे बाजूचे फुटवे) फुटू लागल्या असतील, तर तो ऊस ठेवून वजन वाढत नाही, त्याची तोड लवकर लावण्यासाठी कारखान्याच्या शेतकी विभागाकडे लेखी मागणी करावी. पिवळा पडला म्हणून चिखलात युरिया फेकू नये. हवा नसलेल्या जमिनीत त्यातील बराच नत्र वायुरूपाने उडून जातो. वाफसा आल्यावर हलकी भर देऊन मग खत द्यावे, आणि तोवर गरज वाटल्यास विद्राव्य खताची फवारणी करावी.

सच्छिद्र पाईपची चेंबर्स पुरानंतर आणि पुन्हा मे महिन्यात उघडून तळाचा गाळ काढावा. मुख्य पाईपच्या तोंडातून येणारे पाणी बाटलीत धरून त्याची विद्युतवाहकता वर्षातून दोनदा तपासून घ्यावी. ती दरवर्षी उतरत असेल तर क्षार बाहेर जात आहेत. पाणी येणेच थांबले असेल, तर खालच्या बाजूच्या पहिल्या चेंबरपासून वर तपासत जावे.